करणी

बूट सात नंबरचे आहेत, संघमित्रा, आणि तुझा पाय पाचचा.
स्टोअरमध्ये याहून लहान येत नाहीत,
बाईचा पाय तिथे अजून कुणी मोजलेला नाही.
दोन मोजे चढव, पुढे चिंधी कोंब
आणि आजच्या आज अर्ज लिही. तुला लिहिता येतं.

ही घे.
हिला करणी म्हणतात.

हसतेस? आमच्या परतूरकडे
बाईचं नाव आणि हा शब्द शेजारी आले
की पटापट कड्या लागायच्या.
कुणाची तरी म्हैस आटली आणि आळ माझ्या आत्यावर.
बिचारीच्या हातात जन्मभर विळ्याशिवाय काही नव्हतं.
माझ्या हातात मात्र खरीच आहे,
पिंपळपानासारखी, मूठ घामाने काळी पडलेली,
आणि मी सगळं कबूल करते:
हो, घणसोलीच्या त्या चार मजल्यांवर माझी करणी आहे.
उलव्यात, सेक्टर एकोणीसला, जिन्याच्या वळणावर,
जिथे नवे भाडेकरू कपाट चढवताना भिंतीला टेकून दम खातात,
तिथेही.
भिंत हललेली नाही अजून.

त्याआधी अकरा वर्षं घमेलं.
हजेरीच्या वहीत मी ‘मुकिंदा, जोडी’ अशी होते.
मुकिंदा नाव, जोडी मी.
पगार त्याच्या हातात, रेती माझ्या केसांत.

दुपारी मिस्त्री लोक जेवून आडवे झाले
की मी पाण्याच्या टाकीमागे जायचे,
जिथली भिंत कुणी बघणार नव्हतं,
आणि उरलेला माल मारायचे.
निम्मा खाली पडायचा. मनगट कसं झटकायचं
ते बघून कळत नाही, हातालाच कळावं लागतं.
एकदा रामसजीवन मिस्त्री मागे येऊन उभा.
मी म्हटलं, गेलं काम.
त्याने भिंतीवरून तळवा फिरवला, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा,
पट्टी लावली, एक डोळा मिटला,
सगळं खरवडून टाकलं
आणि म्हणाला, परत कर.

एवढाच माझा कोर्स.
तुझ्याकडे पत्र आहे, शिक्का आहे,
महिन्याचं विद्यावेतन आहे, वर अख्खं नाव, आईच्या नावासकट.
ते घडी घालून पेटीत ठेवू नकोस. लागेल.
पहिल्या दिवशी हातात झाडू देतील.
मार. दुसऱ्या दिवशी विचार, आज काय शिकवणार?
तिसऱ्या दिवशीही झाडूच निघाला तर हाक मार,
मी सातव्या मजल्यावर असते.

आणि पाणी पी.
बायकांना आडोसा नाही म्हणून मी पाणी तोडलं होतं,
मुतखडा घेऊन बसले.
तू भांड. मी येते भांडायला.
तुझी आईही येईल, बोलत नाही फारशी, पण येईल.

काल विटा उतरवून ती माझ्यापाशी टेकली होती.
विचारत होती, पोरीला मिस्त्रीण म्हणतील का?
मी म्हटलं, मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको, सोजर.
हिच्यासाठी शब्दच नाही अजून.
चुंबळ झटकत म्हणाली,
नाही तर नाही, वीट पाडतात तसा पाडा की.

बरं. ओळंबा सोड.
खारघरच्या डोंगराकडून वारा येतोय, हलू दे दोरी, थांबेल.
त्याला घाई करता येत नाही,
मोठमोठे इंजिनीयरही त्याच्यासमोर गप्प उभे राहतात.
आता माल घे. एवढा नाही.
मनगट सैल.

अगं, तिकडे कोपऱ्यात कुठे निघालीस?
इथे मार. दर्शनी भिंतीवर,
सगळे बघतायत तिथे.
आणि पडेल तो गोळा उचल,
माल फुकटचा नाही.