तिसरा टॅब

ते पान मीच लिहिलं होतं,
तुर्कूत, डिसेंबरात, दुपारी तीनलाच अंधारलेल्या एका खोलीत.
सेटिंग्ज उघडा. फक्त तिसऱ्या टॅबवर जा.
झालं!
उद्गारचिन्हासकट.

त्या दिवशी तिसरा टॅब होता.
शपथेवर सांगतो, समोर होता,
करडा, जरा बसका.

पुढच्या वर्षी कुणीतरी तो काढला.
आम्ही सगळे फुकटचे कामकरी, जेवणं आटोपल्यावरचे;
कुणी भिंत पाडली
तर दारावरची पाटी बदलायचं राहून जातं.

आणि परवा चिलोए बेटावरून पत्र आलं.
एलेउतेरिओ बार्रिया, वय एकाहत्तर,
लहानसं रेडिओ केंद्र चालवतात.
पहाटे सहाला बोटींच्या वेळा सांगतात,
कुणाच्या मयताची, कुणाच्या हरवलेल्या गाईची खबर.
आमचा प्रोग्राम वापरतात, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

लिहितात: साहेब, तिसरा टॅब मला दिसत नाही.
पहिल्या दिवशी चष्मा पुसला.
दुसऱ्या दिवशी शेजारच्या यास्नाला बोलावलं,
तिनेही मोजले. दोनच.
मग पहिल्यापासून पुन्हा केलं, सतरा वेळा.
तुम्ही ‘फक्त’ म्हटलंय,
म्हणजे चूक माझीच असणार.
क्षमा असावी.

दोन दिवस बोटींच्या वेळा गेल्या नाहीत.
एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन
चार तास धक्क्यावर उभी होती,
हेही लिहिलंय. तक्रार म्हणून नव्हे,
त्यांना बातम्या सांगायची सवय आहे.

खोटं नव्हतं ते पान.
शिळं होतं.
पण शिळ्यानेही पोट बिघडतंच.

रात्री बसून दुरुस्त केलं.
मग सबंध मदतपुस्तिकेत ‘फक्त’ शोधला:
एक्केचाळीस ठिकाणी.
मेथी निवडताना किडकी पानं खुडावीत
तसा एकेक खुडत गेलो.
‘सोपं आहे’ नऊ ठिकाणी.
तेही.

सकाळी त्यांना कळवलं.
उत्तरासोबत एक फोटो आला.
काम त्यांनी केव्हाच भागवलं होतं,
भलत्याच वाटेने, जी मलाही ठाऊक नव्हती,
आणि पायऱ्या कागदावर उतरवून
माइकच्या वर भिंतीला चिकटवल्या होत्या, यास्नासाठी.

सहा ओळी. खाली तारीख.
तारखेखाली:
आज तरी असं आहे.

पेन्सिलीने.