फुली

आई वल्हांडण म्हणायची नाही.
तिच्या तोंडून तो शब्द यायचा
ओलांडण होऊन.
पाळकबाबांनी दोनदा दुरुस्त केला, मग नाद सोडला.
आता वाटतं, तिचंच बरोबर होतं.
तो दार ओलांडून पुढे गेला,
म्हणून तर ओलांडण.

बदनापुरात, स्टेशनामागच्या दोन खोल्यांत,
चैत्राच्या पुनवेला मी निर्गम उघडून बसले आहे.
लाईट जाते, येते.
पत्र्यानं दिवसभर साठवलेलं ऊन
अजून माझ्या डोक्यावर उतरतं आहे.
ताटात मेथी, उन्हाळ्यानं आणखी कडू झालेली,
आणि सकाळची भाकर.
बेखमीर म्हणजे काय, हे पाळकबाबा अर्धा तास सांगायचे
आणि बायका एकमेकींकडे बघायच्या:
आपली भाकर कधी खमिराची वाट बघत बसली?

अकराव्या अध्यायात एका जागी कागद काळपट आहे.
आईला अक्षर येत नव्हतं,
पण हे वचन पानावर कुठं राहतं
ते तिला ठाऊक होतं, शेजारणीचं घर ठाऊक असावं तसं.
तिथं बोट ठेवून म्हणायची, वाच.
मी वाचायची:
गादीवर बसलेल्या फारोच्या थोरल्यापासून
जात्यामागं बसलेल्या दासीच्या थोरल्यापर्यंत
सगळे मरतील.

"तिनं काय केलं व्हतं गं?
दळतच तर व्हती."

पाळकबाबा म्हणाले, देवाचे मार्ग अगम्य.
बाहेर आल्यावर आई म्हणाली,
"अगम्य म्हंजे त्यालाबी सांगता येईना."

गावात गिरणी यायच्या आधी
आई मिशनच्या बोर्डिंगचं दळण दळायची,
रोजची दीड पायली ज्वारी, कोंबड्याच्या आधी.
शांतवन तिच्या मांडीला टेकून निजायचा.
चार वर्षांचा. माझा थोरला भाऊ,
मी त्याला पाहिलं नाही.
त्या पहाटे त्याचं अंग तापलेलं होतं,
मग गार लागलं, तिला वाटलं उतरला ताप.
चाळीस पोरांची न्याहारी होती, पाळीत दाणे उरले होते.
तिनं ते संपवले.
एवढंच ती सांगायची, नेहमी इथंच थांबायची,
आणि पदरानं पुस्तकावरची धूळ पुसायची,
नसली तरी.

मी बावीस वर्षं पोलिओचे थेंब पाजले.
डबा खांद्याला, खडू खिशात.
कितीतरी दारं मी खडूनं लिहिली:
निळी, पत्र्याची, गोणपाटाची,
कुठं दारच नाही, मग भिंतीवर.
सगळी लेकरं पाजून झाली की एक खूण.
आणि एखादं लेकरू सापडलं नाही,
आईसोबत वीटभट्टीवर गेलं, मामाकडं गेलं,
किंवा कुणी दडवलं भीतीनं,
तर फुली.
फुलीचा अर्थ आमच्यात एकच:
इथं परत यायचं.
उद्या, परवा, ऊन कितीही असो,
ते लेकरू सापडेपर्यंत यायचं.
मिसरात खूण होती, म्हणून तो थांबला नाही.
आमच्याकडं खूण असली की थांबावंच लागतं.

हे देवाशी भांडण नाही.
सुटलेल्यांचा आनंद मलाही होतो,
कमरा कसून, जोडे घालून, घाईघाईनं
अंधारात निघालेली ती माणसं
मला आमचीच वाटतात, माझ्या आजोबाची वस्ती
गाव सोडून निघाली तेव्हा अशीच निघाली असणार,
कणीक पितळीत, पितळी डोक्यावर.
समुद्र दुभंगतो तिथं अजूनही अंगावर काटा येतो.

फक्त त्या रात्री मिसरात
एका घरातलं जातं थांबलं, आणि
त्या बाईचं नाव कुणी विचारलं नाही.
पुढच्या अध्यायात ती नाही.
त्याच्या पुढच्यात नाही.
मी शेवटपर्यंत शोधून पाहिलं आहे,
चष्मा बदलून दोनदा.

लाईट आली.
पुस्तकात लिहू नये, असं बाबांनी शिकवलं होतं.
मी नातवाच्या दप्तरातून पेन्सिल काढते,
त्या काळपट जागेच्या शेजारी, समासात,
फुली मारते.
टोक बोथट आहे. जाड उठते.