खप

थर्लबीनं आयुष्यात वाचलेलं पहिलं पुस्तक
रेशनचं होतं.
वाचत जाल तसं कात्रीनं कमी होणारं.
लोणी दोन औंस, चीज दोन, अंडं आठवड्याला एक,
आणि पानोपानी सरकारचा शिक्का.

हल बंदराच्या मागच्या गल्लीत बापाचं किराणा दुकान.
लढाईच्या तिसऱ्या वर्षी
एका बाळंतिणीच्या पिशवीत त्यानं अंडं जास्तीचं टाकलं,
आणि तपासनीस नेमका दारात.
दंड पाच पौंड. दुकानाच्या काचेवर नोटीस.
नऊ वर्षांचा ॲम्ब्रोज काउंटरखाली बसून
तराजूची पितळी वजनं पुसत होता.
हे त्यानं मला तीस वर्षांत दोनदाच सांगितलं,
दोन्ही वेळा अंड्याचा रंग वेगळा.

मी मिस ऑजर्बी. खिळे जुळवणारी.
पर्समध्ये युनियनचं कार्ड,
बाप गोदीत, भाऊ मासेमारीच्या ट्रॉलरवर.
जाळी विणणाऱ्याच्या दुकानावर त्याची खोली,
खालून डांबराचा वास यायचा, शाईत मिसळायचा.
पहिल्याच दिवशी मी म्हटलं,
तुमचं एक अक्षर मला पटत नाही.
तो म्हणाला, पटायला नको, जुळवता आलं की झालं.

निळ्या पुठ्ठ्याची बारकी पुस्तकं:
भाव सरकारनं का ठरवू नये,
टपाल पोचवायला दुसरा कुणी का नसावा,
भाड्याला लगाम घातला की घरं कुठं गायब होतात.
छापायची पाचशे. जायची साठ-सत्तर.
त्यातली वीस त्याची बहीण मॉड घ्यायची, न वाचता.
बाजारावर एवढा जीव, आणि बाजार
त्याच्या दारावरून रोज मान खाली घालून जायचा.
पुस्तकं खपत नव्हती. तो खपत होता.

शुक्रवारी मात्र माझं पाकीट टेबलावर,
युनियनच्या दरानं, वर एक शिलिंग.
एका हिवाळ्यात पियानो गेला, मग घड्याळ,
मग तो मला वेळ विचारू लागला.

पुढे मासेमारी बसली.
सिरिलचा ट्रॉलर धक्क्याला बांधल्या जागी गंजला.
त्याच महिन्यात थर्लबीनं स्वतः लिहिलेलं वाक्य हाती आलं:
काम पाण्यासारखं असतं, उतार मिळेल तिकडे वाहतं.
मी प्रूफाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं,
पाण्याला घर नसतं. सिरिलला आहे, आणि त्याचे हप्ते.
तो दिवसभर बोलला नाही.
संध्याकाळी कोट चढवताना म्हणाला,
हे तळटीप म्हणून घ्या. नाव घालू?
मी म्हटलं, नको.

मग वारं फिरलं. लंडनहून गाड्या येऊ लागल्या,
चांगल्या बुटांची तरुण माणसं
त्याचा हात दोन्ही हातांत धरायची,
निळी पुस्तकं तोंडपाठ असल्यासारखी बोलायची.
तळटीप कुणालाच पाठ नव्हती.
मोठ्या प्रकाशकांनी त्याचे लेखक उचलले, दुप्पट पैसे टाकून.
मला वाटलं, आता तरी चिडेल.
स्पर्धा आहे, मिस ऑजर्बी, म्हणाला
आणि सँडविचचा वाळका कोपरा
चहात बुडवून खाल्ला.

एका मंगळवारी तो खुर्चीतच गेला.
समोर प्रूफ, एक स्वल्पविराम वर्तुळात.
काढायचा होता की ठेवायचा,
मला अजून उमगलेलं नाही.

लिलाव झाला खाली, जाळ्यांच्या दुकानात.
बापाच्या तराजूला चांगला भाव आला,
यॉर्कच्या एका हॉटेलवाल्यानं शोभेला नेला.
यंत्र भंगारात. मग निळे गठ्ठे.
लिलाववाला म्हणाला, बोला. कुणी बोलेना.
परत म्हणाला. मॉड रुमालात नाक पुसत होती.
मी हात वर केला.

अकरा गठ्ठे, चार पौंड.
घरी न्यायला टॅक्सीचे साडेसहा झाले.
तो असता तर यावर एक पुस्तक काढलं असतं,
चुकीचं,
आणि मी ते नीट जुळवलं असतं.