सूत

वाशीच्या सभागृहात एसी इतका
की खर्जाची तार चढत राहते.
मी मागे, तंबोऱ्याला कान लावून.
पहिलीच वेळ.

जवारीचा दोरा कुठं पडला, कळलंच नाही.
लिफ्टमध्ये, की घणसोलीच्या रिक्षात.
तार नुसती टक् टक्,
लाकडावर नख आपटावं तशी.

मालिनीताई केंकरे वळल्या.
रागावल्या नाहीत.
पदराच्या काठातून सूत ओढलं,
दातांनी तोडलं,
घोडीवर तारेखाली सरकवलं, जरा मागं,
अजून केसभर—
आणि तार बोलली.

“विहिणीनं दिलेली साडी,” कुजबुजल्या,
“सांगू नकोस कुणाला.”

मग मारवा. तासभर
षड्जाच्या उंबऱ्याशी येऊन
परत फिरणं.

नंतर सगळे सत्काराच्या फोटोला.
मी गवसणी चढवताना पाहिलं,
सूत तिथंच. जांभळं.
काढलं नाही.