खाली जागा

इंदोऱ्याच्या चौकात, सिग्नलच्या थोडं अलीकडे माझं टपरं.
घमेल्यात पाणी, खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा,
आणि एक पंप, ज्याचं वायसर मी दर उन्हाळ्यात बदलतो.

संघमित्रा शाळेतून सरळ इकडंच आली,
हातात बुडाकडून कापलेली पाण्याची बाटली.
झाकणातून नळी, आत नळीला दोन फाटे,
फाट्यांना दोन फुगे बांधलेले,
बुडाला तिसरा फुगा कापून ताणून बसवलेला.
"काका, हे फुप्फुस आहे. चालून नाही राहिलं."

दे इकडं, म्हटलं. फुप्फुस असो की लुनाची ट्यूब,
हवा कुठून जाते ते पाणीच सांगते.
घमेल्यात बुडवलं, बुडाचं रबर अंगठ्यानं दाबलं,
झाकणापाशी बुडबुड्यांची बारीक माळ सुटली.
घासलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ बसवलं.
पैसे नको म्हटलं तरी तिनं दोनाचं नाणं
पंपाच्या पायावर ठेवलं.

मग तिनं बुडाचं रबर खाली ओढलं
आणि आतला उजवा फुगा भरला.
कोणी फुंकलं नव्हतं.
मी नळीच्या तोंडाशी बोट नेलं,
बोटाला जरासं गार लागलं, बस्स.

"कोण भरून राहिलं बे?"
"कोणीच नाही. खाली जागा झाली
की हवा आपली आपण आत येते."

तीस वर्षं मी हवा कोंबून राहिलो.
दांडा दाबायचा, छातीनं दाबायचा,
चाक भरलं की अंगठ्यानं पाहायचं.
जागा करून बघावी, हे कोणी सांगितलंच नाही.

"डावा नाही फुगला," ती म्हणाली. तोंड एवढंसं.
मला मेडिकलचा डॉक्टर आठवला:
फोटो खिडकीच्या उजेडाला धरून
त्यानं माझ्या डाव्या बाजूवर पेनाचं टोपण टेकवलं होतं.
नऊ महिने गोळ्या. लाल लघवी. आईनं वेगळं केलेलं ताट.

तिला यातलं काही नाही सांगितलं.
नवं रबर ताठ असते, एवढंच म्हटलं,
आणि फुगा सोडवून दोनदा फुंकला.
तिसऱ्यांदा खोकला आला.
तिनं फुगा फ्रॉकला पुसून घेतला,
मग स्वतः फुंकला, गाल लाल होईस्तोवर.

ती गेल्यावर बाकड्यावर टेकलो,
बेंबीच्या वर हात ठेवला.
हात उचलला जात होता,
डावीकडे जरा कमी.

"भाऊ, हवा आहे का?"
सायकलवाला उभा.
आहे, म्हटलं. थांब थोडा.