जिन्याखालची पेटी

पूर्वी देवमाशांचे आवाज
केटिलच्या खिशात असायचे.
लोकरी कोटाचा डावा खिसा:
सुपारीएवढा पेनड्राइव्ह, बोटीची चावी,
सुक्या माशाचा चुरा.
हालबेराला ऐकायचं असेल तर तिनं बर्फातून
इसाफ्योर्दुरच्या बंदरावर जायचं, केटिलला शोधायचं.
मार्चमध्ये कोट धुलाईयंत्रात गेला.
अकरा दिवसांचा समुद्र फेसात गेला.

मग मी ही पेटी आणली.
पावाच्या डब्याएवढी. जिन्याखाली, गमबुटांशेजारी.
पडदा नाही, कळफलक नाही.
चार डिस्क, एक पंखा, भिंतीकडे जाणारी एक केबल
आणि नेटवर्कमध्ये स्वतःचा पत्ता.
वरच्या खोलीतून हाक मारा, प्रयोगशाळेतून मारा,
फोल्डर तोच उघडतो.
हालबेरा आवाजांना नावं देते, तोवर केटिल
त्याच फोल्डरात वाऱ्याचा वेग टाकतो.
'अंतिम', 'अंतिम दोन', 'हेच अंतिम'
ही भावंडं आता जन्मत नाहीत.

केटिल म्हणाला, सगळं एकाच कणगीत?
उंदीर लागला तर?
मी बिस्किटं मांडली.
या बशीत पाच, हिच्यात तीन, तिसरीत सात.
चौथीत नुसती चिठ्ठी: पंधरा.
कुठलीही एक बशी उचल, मी डोळे मिटते.
त्यानं उचलली, खाल्लीसुद्धा.
सात, मी म्हटलं.
(पेटी ही चिठ्ठी एकाच बशीत ठेवत नाही,
आळीपाळीनं फिरवते. पण तोवर बिस्किटं संपली होती.)

डिसेंबरात तिसरी डिस्क गेली खरी.
दिवा नारिंगी.
नवी बसवली, पेटी रात्रभर बेरजा-वजाबाक्या करत बसली.
फाइली जरा रेंगाळत उघडल्या, एवढंच.

आणि एकदा माझ्याच हातून
२०११चं फोल्डर पुसलं गेलं.
सामाईक म्हणजे हेही:
एकीनं पुसलं की सगळ्यांचं पुसलं.
चारही डिस्क इमानेइतबारे विसरल्या.
मी जिन्याखाली फतकल मारून बसले.
मग आठवलं, पेटी रोज पहाटे दोनला
तेव्हाची सगळी स्थिती बाजूला जपून ठेवते.
त्या दोनमध्ये शिरले. होतं.
नीट आहे ना म्हणून एक फाइल ऐकली.
खरखर, पाणी, आणि तरुण केटिल:
"वारा उत्तरेचा. कॉफी संपली. खाली कुणीतरी गातंय."

आता दुसरी पेटी फ्योर्डपलीकडे,
हालबेराच्या बहिणीच्या तबेल्यात, माळ्यावर.
रात्री पहिली दुसरीला दिवसभराचं सांगते.

केटिल अजूनही
कोट धुवायला टाकण्याआधी
डावा खिसा चाचपतो.