दिवाडीच्या धक्क्यावर

काचेचं कपाट टेम्पोत उभं बांधून
धक्क्यावर आणलं.
कुवेतहून दिरांनी धाडलेला डिनर सेट
त्यात सव्वीस वर्षं पाहुण्यांची वाट बघत होता.
पाहुणे आले, जेवले, गेले,
केळीच्या पानांवर, नाहीतर स्टीलच्या ताटांत.
तो मात्र फोडण्याच्या भीतीनंच आम्ही जपला.

बोटीवरचा कायतान म्हणाला,
"बाय, घर सोडलंत की काय?"
सोडलं नाही रे,
आत्ता कुठे राहायला लागले.

आधी खुर्च्या गेल्या. बारा.
माणसं आम्ही दोन,
त्यातला सगुण बसतो दारातल्या सोप्यावर
आणि मी चुलीपाशी.

तो भांडला फक्त रेडिओसाठी.
बंद पडलेला, पण वडलांचा.
राहू दे म्हटलं.
चार दिवसांनी रेडिओ दिसेना.
विचारलं, तर पेपर उलटत म्हणाला,
"कुठला रेडिओ?"

कपाट हललं तिथे भिंतीवर
कपाटाएवढाच निळा रंग निघाला,
लग्नाच्या वर्षी मीच निवडलेला.
मला आठवतही नव्हता.
चुना मारायला आलेल्या पोराला
तेवढा तुकडा सोडून मार, सांगितलं.

आता घरात शिंकलं तर
घर ओ देतं.
दुपारचं ऊन
माजघरापर्यंत येतं, थोडं बिचकत,
कुणी हाक मारल्यासारखं.

डिनर सेटमधली एक बशी काढून घेतली होती,
सोनेरी काठाची.
तिच्यात मांजर दूध पितं.